कागदाला मान नसते

१

माझं काम मराठीत सांगायची सोय नाही. मी दारू मोजतो. बंदुकीची दारू, पण आमच्या मोहल्ल्यात लोक पहिले दोन शब्द ऐकूनच कान मिटतात, आणि माझ्या मावशीने तर माझ्या सुधारणेसाठी दुआ मागायला सुरुवात केली होती. म्हणून गावाकडे मी सांगतो, दुबईला टेक्निशियन आहे. खरं सांगून मूर्खांना शहाणं करण्याचा ठेका मी घेतलेला नाही.

आमचा नेमबाजीचा क्लब जबल अलीच्या मागे, आत वाळवंटात आहे. पैसेवाले लोक इथे लांब पल्ल्याच्या शिकारी रायफली घेऊन येतात. त्यांना दुकानातलं काडतूस चालत नाही, म्हणून त्यांच्या रायफलीला मानवेल असं काडतूस मी हाताने भरतो. झाडलेलं पितळ साफ करून मापात आणायचं, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. मग दारू दाणाभर कमी-जास्त करून, गोळी केसभर आत-बाहेर करून पाहायची. पाच झाडायच्या आणि निशाणाच्या कागदावर त्या किती जवळ पडल्या ते बघायचं. भोकात भोक पडलं की काडतूस जमलं. या धंद्यात नियम एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. हा नियम मी डझनावारी शेठ लोकांना सांगितला आणि एकाच्याही टाळक्यात शिरला नाही.

अर्सलानशेठ त्यांतलेच. मूळचे रत्नागिरीचे, दुबईच्या देऱ्यात मसाल्याचा व्यापार, अंगावर ऊदाचं अत्तर इतकं की माणूस पार्किंगमध्ये असतानाच कळावं. पुढच्या महिन्यात ते किर्गिझस्तानच्या डोंगरात जाणार होते, मोठ्या शिंगांचा रानबोकड मारायला.

"वासिफभाई, रायफल बघा," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "पस्तीस हजार दिरहम. म्हणजे आपले आठ लाखांच्या वर. आता मिस व्हायला एक्स्क्यूजच नाय."

एक्स्क्यूज त्यांच्या पोटातच होता. झोपून नेम धरताना श्वास अर्धा सोडायचा, उरलेला धरायचा, आणि त्या मधल्या थांबलेल्या क्षणात चाप ओढायचा, एवढं साधं आहे. माझ्या कानावर जे मफ असतात ते मोठा आवाज कापतात आणि बारीक आवाज वाढवतात. त्यामुळे प्रत्येक शेठचा श्वास मला अगदी कानात ऐकू येतो. यांचा श्वास म्हणजे पंक्चर काढायला आलेली ट्यूब. सहाशे मीटरवर त्यांच्या गोळ्या पंजाएवढ्या जागेत पसरायच्या. मी दारू बदलली, गोळीची बैठक बदलली, टोप्या बदलल्या. पंजा काही मिटेना.

२

तिकडच्या टोकाला, वाळूच्या बांधाखाली, सिमेंटचा खोल खड्डा आहे. त्यात आमचा भिवा असतो. तो कप्पीच्या दोरीने निशाणाची चौकट वर करतो, पाच झाल्या की खाली ओढतो, भोकांवर चिकटपट्टी लावतो आणि पुन्हा वर करतो. गोळी त्याच्या डोक्यावरून जाते. खड्ड्यात असेपर्यंत त्याला काही होऊ शकत नाही; वर आला तर वाचू शकत नाही. म्हणून वॉकीटॉकीवर त्याने "खाली हाय" म्हटल्याशिवाय आम्ही झाडत नाही. संगमेश्वराकडचा माणूस. जबल अलीच्या कॅम्पातून कंपनीच्या बसने येतो आणि सुट्टीत बायकोला व्हिडिओ कॉलवर वाळू दाखवतो. जणू तिला वाळू म्हणजे काय ते ठाऊक नाही.

एका सकाळी अर्सलानशेठ नवंच काढून बसले.

"चुलतभाऊ बोलला, शिकारीवर गोळी सोडताना तकबीर म्हणायला पायजे, तर जनावर हलाल. ऐन टायमाला विसरलो तर? म्हणून आजपासून प्रॅक्टिस. प्रत्येक शॉटला."

"शेठ, तो कागद आहे. कागद हराम असला तरी आपण खाणार नाही."

"हबीबी, हॅबिट लागते ना. यल्ला."

तकबीर म्हणजे अल्लाचं नाव, ते घ्यायला माझी ना नाही. मीही मुसलमान आहे. शिकारीवर नाव घेतात, सुरी फिरवताना घेतात. पण या माणसाला एक तर श्वास जमत नव्हता, त्यात तो बोलायला लागला तर गोळी शारजाला जाईल असं मला वाटलं. मी दुर्बिणीला डोळा लावला.

श्वास सुटला, अर्ध्यावर थांबला. त्या थांबलेल्या श्वासावर त्यांनी हळू तकबीर म्हटली आणि चाप ओढला. पाच वेळा.

पाचही गोळ्या एका भोकात गेल्या. दिरहमचं नाणं ठेवलं असतं तर झाकलं गेलं असतं.

शेठ नाचायचेच बाकी होते. मी मात्र आवाजाचा विचार करत होतो. सहाशे मीटरवर गोळी पोचते आणि तिच्या आदळण्याचा आवाज मागाहून येतो. कागदाला आवाज नसतो. मागच्या वाळूत ती घुसते तेव्हा कोरडा, बसका धप्प येतो. तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही ओळखेन. आज आलेला आवाज तो नव्हता. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा होता. तोही मला ठाऊक आहे. शेठ लोकांबरोबर दोनदा डोंगरात गेलो होतो तेव्हा ऐकला होता. गोळी मांसात लागल्यावर असा आवाज येतो.

रात्री दव पडलं असेल, वाळू ओली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला फसवायलाही जरा अक्कल लागते, ती माझ्याकडे भरपूर आहे.

३

दुसऱ्या दिवशी क्लबला सुट्टी होती. मी भिवाला तेवढा बोलावून घेतला आणि शेठची रायफल घेऊन स्वतः झोपलो. एका वेळी एकच गोष्ट.

तीच काडतुसं, तोच श्वास, तोंडातून एक शब्द नाही. पंजा. मग तसंच सगळं, आणि तकबीर. एक भोक. आवाज पुन्हा तोच, ओला.

अर्थात, मी म्हटलं. बोलताना छातीतली हवा सारखी सुटते, खांदा सैल पडतो, बाकी काय. शास्त्र आहे. मग तेवढ्याच लांबीचं दुसरं वाक्य म्हणून बघायला हवं. मी थांबलेल्या श्वासावर म्हटलं, "एमानची शाळा अल बर्शात आहे." एमान माझी मुलगी. पाच वेळा म्हटलं, पाच झाडल्या. पंजा, आणि वाळूचा ओळखीचा धप्प. मग बेचा पाढा म्हटला. पंजाच.

पुन्हा तकबीर. एक भोक. आणि या वेळी त्या ओल्या आवाजाच्या मागोमाग, मफमध्ये, काहीतरी वाळूवर गुडघे टेकल्यासारखं ऐकू आलं.

मी वॉकीटॉकी उचलला. "भिवा, मागे काही आहे का? कुत्रा, उंट?"

"काय नाय सायब. बांध मोकळा हाय." मागे दोरी ओढल्याचा आवाज आला. "एक इचारू? निशाण खाली वढताना आज जड लागतंय. कुणीतरी वरनं धरल्यावानी. मग सोडतंय."

"कप्पीला तेल घाल."

"घातलंय सायब. कालच."

"मग परत घाल," मी म्हटलं. अशा लोकांशी वाद घालू नये. तेल घालायला सांगावं.

४

घरी, अल बर्शाला, जेवताना मी ही गोष्ट बायकोला, हुमेराला सांगितली. भीती म्हणून नव्हे, गंमत म्हणून. एखादी गोष्ट समजली नाही की मी ती गंमत म्हणून सांगतो.

हुमेराचे वडील खाटीक होते. आमच्याकडे लग्नाच्या वेळी यावरून बरीच नाकं मुरडली गेली, त्यांत माझं नाक सगळ्यांत लांब होतं. तिच्या हातात भाकरी होती. ती तिने ताटात ठेवली.

"कागदावर नाव घेतलंत?"

"शेठने घेतलं. मी टेस्ट केली."

"अब्बा आमच्या भावांना शिकवायचे ना, तेव्हा सगळं दाखवायचे. आधी जनावराला पाणी. मग किब्ल्याकडे तोंड. मग सुरी अशी धरायची. पण ते शब्द नाय बोलायचे. बोलायचे, 'आणि मग नाव.' एवढंच. रिकाम्या ओट्यावर नाव कधी नाय घेतलं त्यांनी."

"का? ओटा पळून जातो?"

"ज्याच्यावर ते नाव घेतलं त्याला मान पायजे, एमानचे अब्बा. कागदाला मान नसते."

मला हसू आलं. मराठीत मान म्हणजे गळा आणि मान म्हणजे आदर, आणि मी म्हटलं, "तुझ्या माहेरच्यांना दोन्हींतला एकच ठाऊक." एमान टॅबवरून डोळे न काढता म्हणाली, "अब्बा, दॅट्स सो मीन."

झोपताना एक गोष्ट उगीचच डोक्यात आली. आमची रेंज बांधताना दिशा मीच सांगितली होती: सकाळचा सूर्य पाठीशी राहावा, म्हणून नेम पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला. आमच्या बैठकीच्या खोलीतली जानमाज, नमाजाची चटईही त्याच दिशेला अंथरलेली असते. दुबईतून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, तिकडेच आहे.

५

त्यानंतर मी भिवाबरोबर एकदा बांधापर्यंत गेलो. वाळूत शोधण्यासारखं काही नव्हतं, आणि मी काही शोधत नव्हतो. बांधाच्या पायथ्याशी, निशाणाच्या बरोबर खाली, एक स्टीलची वाटी होती. काठोकाठ पाण्याने भरलेली. आजूबाजूला सगळा धुरळा होता, पाण्यात एक कण नव्हता.

"पाखरांसाठी पाणी ठेवायची ही जागा आहे का, भिवा? उद्या तूही पाखराबरोबर जाशील."

भिवाने माझ्याकडे पाहिलं. "म्या नाय ठेवत सायब. मला वाटलं तुमी ठेवता."

"मी?"

"रोज सकाळी भरलेली असती. दुपारच्याला रिकामी. मला वाटलं, सायब तोंडानं कडक हायेत पण मनानं..." तो लाजून थांबला.

मनाने! माझ्याबद्दल इतका मोठा गैरसमज आजवर कुणी करून घेतला नव्हता. मी ती वाटी लाथेने उडवली. पाणी वाळूवर पडलं आणि वाळूने ते प्यायलं. प्यायलं म्हणतो, कारण जिरायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

मला भीती वाटली. सांगायला लाज वाटते, पण वाटली. तरी मी भिवाला उद्या हजर राहायला सांगितलं, कारण अर्सलानशेठची परवाची फ्लाइट होती आणि त्यांना शेवटची पाच झाडून बघायची होती. शेठला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. माझ्याकडे कारण एकच होतं, ते माझ्या खाटीक सासऱ्याचं, आणि ते मी मेलो तरी दिलं नसतं.

६

आजची सकाळ थंड होती, वारा नव्हता. याहून चांगली सकाळ मिळत नाही.

"शेठ, आज तकबीर नको," मी म्हटलं. "नुसता श्वास. टेस्टसाठी."

"का? जमलंय ते बिघडवायचं? तुम्हीच बोलता ना, एका वेळी एकच गोष्ट चेंज करायची."

इतक्या वर्षांत नियम समजलेला हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि तो नेमका आजच समजला.

ते झोपले. मी बाजूला दुर्बिणीपाशी बसलो. वॉकीटॉकी माझ्या मांडीवर होता.

"भिवा?"

"खाली हाय सायब. मारा." आवाज भिवाचाच होता, नेहमीसारखाच खरखरता.

मफमध्ये शेठचा श्वास सुटू लागला. मी दुर्बिणीतून निशाण पाहिलं. त्याच्या काळ्या ठिपक्यावर शेठची नजर असणार. स्कोपमधून तेवढाच तुकडा दिसतो. माझ्या दुर्बिणीत आजूबाजूचंही दिसतं.

भिवा वर होता.

निशाणाच्या पुढे, वाळूवर, गुडघ्यांवर बसला होता. पाठ आमच्याकडे, तोंड पश्चिमेला. त्याची मान, कॉलरच्या वर, उन्हाने रापलेली, काळ्या ठिपक्याच्या बरोबर आड येत होती. शेठला जो ठिपका दिसत होता तो ठिपका नव्हता. भिवा पाणी पीत होता. मान थोडी मागे कलली होती, घोट उतरताना हलत होती.

त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते. वाटी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. तो हात मला मनगटापर्यंत दिसला. त्याच्या वर पाहायला मी थांबलो नाही.

"खाली हाय सायब," मांडीवरचा वॉकीटॉकी म्हणाला. "मारा."

शेठचा श्वास अर्ध्यावर थांबला होता. तकबीरचा शेवटचा शब्द झाला. मी आडवा पडून रायफलीचा बोल्ट, काडतुसामागची खिट्टी, वर करून मागे खेचला. चाप ओढला गेला, पण बोल्ट उघडला होता. काडतूस उडून वाळूत पडलं.

"पागल झालात काय!" शेठ ओरडले. "हात गेला असता तुमचा!"

मी दुर्बिणीत पाहिलं. निशाण उभं होतं, काळा ठिपका स्वच्छ होता, समोर कुणी नव्हतं.

मी रेंज बंद केली आणि भिवाला इकडे यायला सांगितलं. तो सावकाश चालत आला. शर्टाचा पुढचा भाग गळ्यापासून भिजलेला होता.

"वर का आलास?"

"म्या? खड्ड्यातच व्हतो सायब. 'खाली हाय' बोललो की." त्याने ओल्या हनुवटीवरून हात फिरवला आणि हसला. "पाणी घेऊन कुणाला धाडलंत? लय गार व्हतं. नाय म्हणू नका आता, मनानं तुमी चांगले हायेत."

मी त्याला कंपनीच्या बसने कॅम्पवर परत पाठवलं आणि ऑफिसला कळवलं की या माणसाला खड्ड्यातून काढा, दुसरं काहीही काम द्या. मग ते पडलेलं काडतूस शोधायला बसलो. नाव घेतलं होतं आणि झाडलं गेलं नव्हतं, असं ते एकच होतं. पितळ वाळूत चकाकतं, हरवत नाही. चटई झटकली, वाळू चाळली, शेठचे खिसेसुद्धा बघितले. शेठ मला शिव्या देत निघून गेले. काडतूस सापडलं नाही.

७

हेही आजचंच आहे.

मी घरी आलो तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची नमाज व्हायची होती. हुमेरा स्वयंपाकघरात होती, कुकर लावलेला. दिवसभर मला तहान होती. क्लबात बाटल्यांमागून बाटल्या रिचवल्या, पण पाणी घशाखाली उतरतच नव्हतं.

बैठकीच्या खोलीत, जानमाजेच्या पुढच्या खिडकीत, स्टीलची वाटी होती. काठोकाठ भरलेली.

"हुमेरा," मी हाक मारली. आवाज नीट ठेवला. "खिडकीत पाणी कुणी ठेवलं?"

"मला वाटलं तुमी ठेवलंत," ती आतून म्हणाली. "कबुतरांसाठी. मी बोलले, आज कसं काय बाबा सुचलं."

एमान सायकल ठेवून आत आली, गाल लाल झालेले. "नॉट मी, अब्बा," ती कुणी न विचारताच म्हणाली, आणि माझ्या बाजूने पुढे गेली. "आय ॲम सो थर्स्टी." ती जानमाजेवर, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली. पोनीटेलमुळे तिची मान उघडी होती. तिची मान इतकी बारीक आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

ही सगळी खाटकाच्या घरची बडबड आहे, माझी अक्कल म्हणाली. रात्रभर झोप नाही, त्यात कुणाच्या तरी वाट्या, कुणाचे तरी आवाज. माझी अक्कल अजूनही शाबूत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा राग आला.

मी वाटी एमानच्या ओठांपासून हिसकावली. "व्हॉट द..." ती म्हणाली. मी तिला आईकडे जायला सांगितलं, आणि अशा आवाजात सांगितलं की ती गेली. स्वयंपाकघराचं दार मी ओढून घेतलं. मग ती उभी होती तिथेच जाऊन उभा राहिलो, खिडकीकडे तोंड करून.

पाणी खूप गार होतं. दिवसभरात पहिल्यांदा ते घशाखाली उतरलं. भिवा खोटं बोलला नव्हता. शेवटच्या घोटाला मान मागे करावी लागली, आणि तेव्हा लक्षात आलं की माझे दोन्ही हात खाली आहेत.

कानावर मफ नव्हते. तरी तो मला तितकाच जवळून ऐकू आला. माझ्या मागे, खोलीच्या पार त्या टोकाला, कुणीतरी श्वास सोडला.

अर्धाच सोडला.